सही माझी नाही

माझी सही आमच्या गावातल्या निम्म्याहून जास्त घरांत आहे. पेटीत, कपाटात, देवाच्या फोटोमागे, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. गावात त्याला टीसी म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये माझी सगळी नोकरी झाली. सुरुवात देवणीकडच्या एका वाडीवर, मग मुरुडजवळ, आणि शेवटची चौदा वर्षं माझ्याच गावात मुख्याध्यापक म्हणून. सही आखूड करायची नाही हा माझा हट्ट होता. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं देवनागरीत, खाली एक सरळ रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. पोरं पाटीवर तिची नक्कल करायची. मी पकडायचो, कान पिळायचो आणि मनातून खूश व्हायचो.

त्याच सहीला मी तालुक्याला, भर कचेरीत, चारचौघांसमोर 'माझी नाही' म्हणून आलो. या गोष्टीला आता काही महिने झाले. राग कुणावर काढावा हे अजून ठरत नाही, म्हणून सगळ्यांवर काढतो. बायको म्हणते, आधी आरशावर काढा. तिचंही खरं आहे.

झालं ते असं. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका कितीतरी वर्षं झाल्याच नव्हत्या. वर प्रशासक बसला होता आणि त्याच्यावर साहेब. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. त्यांनी आजवर तीन झेंडे बदलले, पण ज्याचं राज्य त्याच्याच गाडीत बसायचं हा नेम कधी मोडला नाही. आता तर तिन्ही झेंड्यांची माणसं एकाच गाडीत बसलेली होती. जे बाहेर राहिले त्यांचे रोज प्रवेश चाललेले. एकाच्या खतविक्रीच्या दुकानाची तपासणी निघाली, आठ दिवसांत त्याला विकासाची ओढ लागली. दुसऱ्याच्या भावाची बदली पार किनवटकडं झाली, त्यालाही लागली. विकास हा शब्द मी पोरांना निबंधात शिकवला होता. आता तो ऐकला की पित्त उठतं.

मी निवडणुका पाहिल्या आहेत. आमच्या गल्लीत दोन सख्ख्या भावांच्या एका घरावर दोन पक्षांचे झेंडे असायचे, मधल्या भिंतीवरून शिव्यांची देवाणघेवाण चालायची आणि दिवाळीला दोघांचा फराळ एकाच ताटात. माझे वडील पडणाऱ्या पक्षाचे कायमचे पोलिंग एजंट. दर वेळी हरायचे, घरी येऊन आंघोळ करायचे आणि म्हणायचे, "पडलो बाबा, पर मोजून पडलो." मला तेव्हा त्यांचं हसू यायचं. मोजून पडायला मिळणं ही केवढी श्रीमंती होती हे आता कळतंय.

साहेबांना आमचा गण बिनविरोध करायचा होता. गण म्हणजे पंचायत समितीचा एक मतदारसंघ, आमचं गाव आणि आजूबाजूची खेडी मिळून एक जागा. बिनविरोध या शब्दाला आमच्याकडे हळदीकुंकू वाहतात. भांडण नको, गावची एकी दिसली पाहिजे, खर्च वाचतो, पोलीस येत नाहीत. मीही मुख्याध्यापक असताना एका ग्रामपंचायतीला बिनविरोध झाल्याबद्दल पारावर उभा राहून भाषण ठोकलं होतं. एकीचं बळ वगैरे. त्या भाषणाची आज मला शिसारी येते. माणसं एकत्र बसून एकाला निवडतात ते वेगळं. इथं एकेकाला कोपऱ्यात घेऊन बसवत होते.

सगळे बसले, एकटी राहिली ती गिरणीवाली. माझी विद्यार्थिनी. गावात पिठाची गिरणी चालवते, नवरा एसटीत वाहक आहे. अभ्यासात मध्यम, पण प्रश्न विचारायला पुढं. सातवीत असताना तिनं मला विचारलं होतं, "सर, नागरिकशास्त्राला वीसच मार्क का?" मी तिला खाली बसवलं होतं. आमच्या आरोग्य उपकेंद्राला पाटी आहे, रंग आहे, कुलूप आहे, नर्स नाही. तिची जाऊ अहमदपूरच्या रस्त्यावर जीपमध्ये बाळंत झाली. बाळ राहिलं नाही. त्यानंतर गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईशी ती त्या कुलपाबद्दल बोलायला लागली. अर्ज दिले, तालुक्याला खेटे घातले, मग म्हणाली, आता आपणच तिथं जाऊन बसू. एका लहानशा पक्षानं तिला तिकीट दिलं. त्या पक्षाचं आमच्या तालुक्यात कार्यालय नव्हतं, पण चिन्ह होतं.

अर्जावर उमेदवाराबरोबर सूचकाची सही लागते, त्याच गणातल्या मतदाराची. 'मी यांचं नाव सुचवतो' एवढाच त्याचा अर्थ. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. केसांवर पीठ तसंच.

"सर, चार जनांकडं जाऊन आले. समदे म्हनायलेत, मत तुलाच देतो, पर सही मागू नको. एक सही पायजे."

मी चष्मा लावला. चष्मा लावताना मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. पेन काढलं, संपूर्ण नाव, रेघ, दोन टिंबं. वर एक व्याख्यानही दिलं. निकाल काही लागो, निवडणूक झाली पाहिजे. विरोधात एक तरी नाव असलं पाहिजे, नाहीतर मशीन लावायचं कशाला? ती ऐकत होती, मान हलवत होती, डोळा मात्र घड्याळाकडं. तीनच्या आत अर्ज पोचवायचा होता. "सर, बाकीचं आल्यावर ऐकते," म्हणाली आणि पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दारात पांढरी गाडी. तिघं उतरले. पुढं होता साहेबांच्या शिक्षणसंस्थेचा सचिव, तोही माझाच विद्यार्थी. वाकून पाया पडला. खुर्ची आणायला सांगितलं तर म्हणाला, "तुमच्यासमोर वर बसायचं न्हाई सर," आणि खाली सतरंजीवर मांडी घालून बसला. त्या मांडी घालण्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. धमकी द्यायची तर उभं राहून द्यावी की. पायाशी बसून, चहाला फुंकर घालत, गुरुजनांबद्दल आदर व्यक्त करत देतात तिला काय म्हणायचं?

"सर, लई गोड चहा. बाईंच्या हातची चव तीच हाय." मग थोडं थांबून, "सूनबाई कशा हायेत? संस्थेत समदे नाव काढतेत त्यांचं. साहेब परवाच म्हनले, एवढी चांगली शिकवनारी बाई, मान्यतेची फाईल कशी काय अडकून पडली? बघतो म्हनले."

माझी सून त्यांच्याच कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. आठ वर्षं झाली, कायम झालेली नाही. त्यानं दुसरं काहीही म्हटलं नाही. सुनेचं विचारलं, फाईलचं सांगितलं आणि बशी खाली ठेवली.

मग म्हणाला, "सर, कुणीतरी तुमच्या नावाची सही मारली वाटतं त्या अर्जावर."

"मीच केली," मी म्हणालो.

त्यानं ऐकूच आलं नाही असं केलं. "वय झालं सर तुमचं. मोतीबिंदूचं आपरेशन झालंय. कोन काय कागद पुढं करतंय, कुठं सही होतीय, ध्यानात राहात न्हाई मानसाच्या. आमच्या नानाचं बी तसंच झालतं."

सोबतच्यानं पिशवीतून कागद काढला. आधीच टाईप केलेला. सदर नामनिर्देशनपत्रावरील सूचक म्हणून असलेली सही माझी नाही, मी कोणाचेही नाव सुचविलेले नाही. नोटरीचे वकील गाडीतच बसलेले होते, शिक्क्यासकट. सगळी तयारी करून आले होते. फक्त माझी हिंमत किती आहे ते बघायचं राहिलं होतं.

ती किती आहे ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं. मी कागद दोनदा वाचला, 'सुचविलेले'मधली वेलांटी बरोबर आहे ना ते पाहिलं, आणि सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता. दार उघडं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बायको उभी होती, तिच्याकडं मी बघितलं नाही.

आणि सही केली ती माझी नेहमीची. संपूर्ण नाव, सरळ रेघ, दोन टिंबं. वाकडीतिकडी करावी, एखादं अक्षर खावं, निदान टिंबं तरी विसरावीत हे सुचलंसुद्धा नाही. ती सही माझी नाही, असं मी माझ्या उत्तम सहीनं लिहून दिलं. पस्तीस वर्षांची सवय हो. खोटं बोलतानासुद्धा आम्हा मास्तरांना अक्षर चांगलं लागतं.

छाननीच्या दिवशी गाडी मला घ्यायला आली. कचेरीत गर्दी होती. निवडणूक अधिकाऱ्यांनी गिरणीवालीचा अर्ज पुढं घेतला, साहेबांच्या उमेदवाराच्या वकिलानं हरकत घेतली आणि माझं प्रतिज्ञापत्र अर्जाशेजारी ठेवलं. दोन कागद, दोन सह्या. टेबलाजवळच्या प्रत्येकानं त्या बघितल्या. पहिली-दुसरीतल्या पोरालाही कळलं असतं.

तिच्या बाजूनं आलेला वकील म्हणाला, "साहेब, हे बघा. दोन्हीकडं रेघ सारखी, दोन्हीकडं दोन-दोन टिंबं. ही सही खोटी असंल तर प्रतिज्ञापत्रावरची खरी कशी?"

हसू फुटलं असतं कुणालाही. कुणालाच फुटलं नाही. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद वर उचलले, खाली ठेवले, पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर काचेचा पेपरवेट ठेवला. म्हणाले, "मी काही हस्ताक्षरतज्ज्ञ नाही. सूचक स्वतः हजर आहेत." मग माझ्याकडं वळून, "सर, अर्जावरची सही तुमची आहे का?"

त्यांच्या आवाजात, मला वाटतं, थोडी विनवणी होती. कदाचित मला तसं वाटून घ्यायचं असेल. मी हो म्हटलं असतं तर त्यांचीही सुटका झाली असती आणि माझीही. त्या क्षणी मला सून आठवली, फाईल आठवली, सतरंजीवरची ती मांडी आठवली. गिरणीवाली समोरच उभी होती, आज पीठ नव्हतं, इस्त्रीची साडी होती. तिच्या जावेचं मेलेलं बाळ मला आठवलं नाही. ते आठवायला हवं होतं.

"नाही," मी म्हणालो.

तिचा वकील उसळला. तिनं त्याला हातानं थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या साहेब," ती म्हणाली. "सर म्हनले न्हाई, म्हंजे न्हाई. सर खोटं बोलत न्हाईत. आमाला त्यांनीच शिकवलंय."

ती टोमणा मारत होती की खरंच म्हणत होती, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतोय. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता.

अर्ज बाद झाला. एकच अर्ज उरला, म्हणजे निवडणूकच उरली नाही. कचेरीच्या बाहेर गुलाल उधळला, फटाके लागले. गावात येईपर्यंत बॅनर लागला होता: बिनविरोध निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन, गावाच्या एकीला सलाम. आमचा उमेदवार निवडून आला, असं जो तो म्हणत होता. कुणी निवडला? कधी? एकानंही बोटाला शाई लावली नव्हती. दहा-बारा हजार माणसांचं मत एका म्हाताऱ्याच्या तोंडून 'नाही' म्हणवून घेऊन उरकलं होतं. वर त्याच म्हाताऱ्याला पारावर बोलावून शाल आणि नारळ दिला. सुजाण ज्येष्ठ नागरिक म्हणे. मी घेतला. नाकारायला लागणारा कणा दोन दिवस आधीच देऊन बसलो होतो.

संध्याकाळी लातूरहून मुलगा आणि सून आले. मला वाटलं, सून काही नाही तरी मनातून सुटल्यासारखी दिसेल. ती शालीकडं बघत उभी राहिली.

"बाबा, मला एकदा विचारायचं तरी," ती म्हणाली. "मी वर्गात काय तोंडानं उभी राहू? माझ्या नोकरीसाठी केलंत, असं आता सगळीकडं होणार. आणि मी मागितलं नव्हतं."

मी रागावलो. तुझ्यासाठीच केलं आणि वर मलाच बोलतेस, असं काहीतरी ओरडलो. बायको आतून म्हणाली, "ओरडू नगा. तिच्यासाठी केलं म्हना, नायतर भ्यालो म्हना. गावाच्या एकीसाठी तेवढं म्हनू नगा." घरात त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. फाईल, सांगून ठेवतो, अजून तिथंच आहे. सचिव भेटला की म्हणतो, साहेबांनी मनावर घेतलंय.

गावानं मला काही म्हटलं नाही. रामराम चालूच राहिला. फक्त एकदा कटिंगच्या दुकानात एक जुना विद्यार्थी, आता ट्रॅक्टर चालवतो, आरशातून माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, माह्या टीसीवरची सही तुमचीच हाय ना? का ती बी न्हाई?" दुकान हसलं. मीही हसलो. गालाला साबण होता म्हणून निभावलं. त्यानंतर मी दाढी घरीच करतो.

मला राग याचा येतो की हे सगळं किती सोपं होतं. टीव्हीवर मोठी माणसं लोकशाहीच्या गळचेपीवर चर्चा करतात तेव्हा वाटतं, कुठंतरी रणगाडे आले असतील. इथं एक चहा लागला, एक टाईप केलेला कागद आणि थोडी ख्यालीखुशाली. मतपेट्या पळवाव्या लागल्या नाहीत, कारण मतपेटीपर्यंत कुणाला जाऊच दिलं नाही. आणि ज्यांनी जाऊ दिलं नाही त्यांत मी. नागरिकशास्त्राचे वीस मार्क शिकवणारा मी.

मतदानाचा दिवस आला. जिल्हा परिषदेच्या जागेसाठी मतदान होतं, तिथं साहेबांचा उमेदवार आणि एक नावापुरता अपक्ष. पंचायत समितीचं मत आमच्या गावात कुणी द्यायचंच नव्हतं. मी जाणार नव्हतो. पण आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही, पायांनीच नेलं. केंद्र आमच्याच शाळेत, माझ्याच जुन्या खोलीत. फळ्याच्या वर मी रंगवलेली बाराखडी अजून होती, थोडी उडालेली.

याच खोलीच्या ओसरीवर, साक्षरता अभियानाच्या वेळी, दुपारी बायकांचा वर्ग भरायचा. कापूस वेचून, भाकरी खाऊन बाया यायच्या. मी त्यांना म्हणायचो, रेशनला अंगठा, बँकेत अंगठा, किती दिवस अंगठाबहाद्दर राहणार? अंगठा कुणाचाही कुणीही धरून उठवतो. सही आपल्या हातानं करायची. गिरणीवालीची आई त्या वर्गात होती. सही यायला तिला अख्खा हिवाळा लागला. आली त्या दिवशी ती रडली होती आणि मी वर्गाला पेढे वाटले होते.

तीच म्हातारी त्या दिवशी बायकांच्या रांगेत, माझ्या बरोबरीनं दारापाशी पोचलेली. मला बघून तिनं पदर सावरला.

टेबलामागं बाहेरगावचा कुणी तरुण शिक्षक बसलेला. त्यानं माझं नाव मोठ्यानं वाचलं, बोटाला शाई लावली, नोंदवही फिरवून माझ्याकडं केली आणि पेन पुढं धरलं.

"सर, इथं सही करा."

पेन हातात घेतलं. नोंदवहीतला तो रिकामा रकाना, वर बाराखडी, शेजारी ती म्हातारी. हात चालेना. वय नाही, मोतीबिंदू नाही. ती सही करायला मी उरलेलो नव्हतो, एवढंच. मी पेन खाली ठेवलं.

"अंगठा घ्या," मी म्हणालो.

त्यानं माझ्या चष्म्याकडं, पांढऱ्या सदऱ्याकडं, खिशातल्या पेनाकडं पाहिलं. "तुम्हाला लिहिता येतं ना, सर?"

"अंगठा घ्या."

त्यानं शाईचा पॅड सरकवला. मी अंगठा उमटवला. निळा, पसरट, कुणाचाही असू शकेल असा. मागं पुरुषांच्या रांगेत कुजबुज झाली आणि थांबली.

म्हातारीचा नंबर आला. तिचं नाव वाचून त्या शिक्षकानं तिचा चेहरा बघितला आणि पॅड आपणहून तिच्याकडं सरकवला. तिनं तो बाजूला केला.

"प्येन दे बाबा," ती म्हणाली. "मला सही येती. मास्तरनं शिकवलीया."

ती वाकली, नाक कागदाला लागेल एवढी. रांग खोळंबली, तरी तिनं घाई केली नाही. एकेक अक्षर करत संपूर्ण नाव लिहिलं, खाली सरळ रेघ ओढली. मग पेन उचललं, पुन्हा टेकवलं आणि रेघेखाली दोन टिंबं दिली.